केरिसचे कोरीव लाकडी स्टँड : जमवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केरिसचा स्टँड म्हणजे नेमकं काय?

केरिस हा जावा, बाली, मदुरा, लोम्बोक, सुमात्रा, सुलावेसी या बेटांवरचा पारंपरिक खंजीर. पातं सरळ असतं किंवा नागमोडी. नागमोडी असेल तर वळणांची संख्या नेहमी विषम. लोखंडात निकेलयुक्त धातूचे थर घडवून पात्यावर जी नक्षी उमटवतात तिला पामोर म्हणतात. युनेस्कोने २००५ मध्ये इंडोनेशियाच्या केरिसला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं आणि २००८ मध्ये ती प्रातिनिधिक यादीत आली.

अशी केरिस म्यानासकट उभी ठेवायला किंवा भिंतीवर टांगायला जो लाकडी आधार करतात तो स्टँड. पात्यावर आणि मुठीवर भरपूर लिहिलं गेलंय. स्टँडवर फार थोडं. त्यामुळे चांगलं कोरीव काम आजही दुकानाच्या कोपऱ्यात ‘शोभेची वस्तू’ म्हणून पडलेलं सापडतं, आणि त्याच कारणाने हा संग्रह करण्यात मला जास्त रस वाटतो.

किती प्रकार आहेत?

ढोबळमानाने तीन.

पहिला जावाचा प्लोंचोन. जमिनीवर किंवा मेजावर उभा राहणारा हा आधार; आडव्या पट्टीला खाचा किंवा भोकं असतात आणि एक, तीन, पाच अशा केरिसी मूठ वर करून उभ्या राहतात. भाल्यांसाठीही प्लोंचोन असतात, ते अर्थातच उंच. विक्रेत्यांच्या तोंडी जाग्राक हा शब्दही येतो.

दुसरा ब्लावोंग. ही भिंतीवर लावायची कोरीव फळी. मध्ये केरिस अडकवायची सोय आणि भोवती नक्षी: समोरासमोर दोन नाग, पंख पसरलेला गरुड, वायांगमधली, म्हणजे तिथल्या बाहुलीनाट्यातली पात्रं, किंवा त्याच्या पडद्यावर दिसतो तो पर्वताचा आकार, गुनुंगान. जावातल्या चिरेबोन शहराच्या ब्लावोंगवर ढगांची आणि खडकांची वळणदार नक्षी दिसते. तिथल्या बातिक कापडावरचं मेगामेंडुंग ज्यांनी पाहिलंय त्यांना ती लगेच ओळखू येईल.

तिसरा बालीचा मूर्तीचा स्टँड. बसलेली किंवा उभी आकृती, आणि तिच्या मुठीत, कुशीत किंवा पाठीमागे म्यान जाईल एवढं भोक. नवे संग्राहक बहुतेक याच्याच प्रेमात पडतात, आणि त्यात नवल नाही.

बालीच्या स्टँडवर कोणकोण दिसतं?

हनुमान आणि इतर वानर, गरुड, भीम, सुळेवाले राक्षस, रांग्डा ही चेटकीण, कधी गणपती. वायांगमधले सेवक तुआलेन, मेर्दा, देलेम आणि सांगुत हेही येतात. जाड पोट, बुटकी अंगलट आणि चेहऱ्यावर शहाणपण. मग बेडूक आहेत, बसून दोन्ही हातांनी म्यान धरलेले.

रामायण-महाभारतातली पात्रं पाहून आपण मराठी लोक चटकन ‘हा आपलाच’ म्हणतो. ओळख पटते हे खरं, पण घाई करू नका. बालीच्या भीमाचा अंगठा म्हणजे लांब वाकडं नख असतं आणि कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं पोलेंग वस्त्र. तिथल्या मूर्तिकाराची खूण-भाषा तिथल्या वायांगमधून आलेली आहे. ती शिकल्याशिवाय मूर्ती कुणाची हे ठरवायला गेलं की हमखास चुकतं.

घरोघरी केरिस अशी मांडून ठेवतात का?

सगळीकडे नाही. जावात वडिलोपार्जित केरिस पुसाका मानली जाते, म्हणजे घराण्याचा जपून पुढे द्यायचा ठेवा. अशी केरिस पुष्कळ घरांत सिंगेप नावाच्या कापडी पिशवीत घालून कपाटात किंवा पेटीत ठेवतात. वर्षातून एकदा, जावाच्या पंचांगातल्या सुरो महिन्यात, ती बाहेर काढून जामासानचा विधी होतो: लिंबाच्या रसाने गंज काढायचा, वारांगान म्हणजे सोमलाचं द्रावण लावून पामोर उठवायचं, मग सुगंधी तेल.

बालीत तुम्पेक लांडेप हा दिवस दर २१० दिवसांनी येतो. त्या दिवशी धारदार आणि लोखंडी वस्तूंची पूजा होते, आणि आता त्यात मोटारी, स्कूटर, यंत्रंही आली. खंडेनवमीला हत्यारं आणि दसऱ्याला गाडी पुजणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

स्टँड घेताना हे लक्षात ठेवावं, कारण त्यावर काय ठेवायचं आणि कुठे ठेवायचं याचा निर्णय यातूनच होतो. केरिस ओलांडू नये, पायाच्या पातळीला ठेवू नये, मूठ खाली करून टांगू नये. माझं मत स्पष्ट आहे: संग्रह तुमचा असला तरी हे नियम पाळा. त्याला खर्च काहीच येत नाही.

जुना स्टँड कसा ओळखायचा?

सर्वाधिक फसवणूक इथेच होते, म्हणून सविस्तर.

आधी भोक बघा. म्यान वर्षानुवर्षं आतबाहेर झालेलं असेल तर भोकाची कड एका बाजूने जास्त गुळगुळीत झालेली असते, कारण माणूस केरिस नेहमी त्याच बाजूने काढतो. सगळीकडून सारखी घासलेली कड म्हणजे पॉलिश कागदाचं काम. भोकाच्या आत बोट फिरवा. ताज्या ड्रिलच्या गोल रेघा हाताला लागल्या तर वर चेहरा कितीही जीर्ण दिसू दे, वस्तू अलीकडची आहे किंवा भोक नंतर पाडलंय. दुसरी शक्यता विसरू नका. साध्या शोभेच्या मूर्तीला भोक पाडून ‘केरिस स्टँड’ केलेले नमुने बाजारात भरपूर आहेत.

मग वस्तू उलटी करा. तळाचं लाकूड हवेने काळवंडतं, पण एकसारखं नाही. जिथे टेकतं तिथे झिजतं, आतल्या खोलगट भागात फिकट राहतं. चहाच्या किंवा चिखलाच्या पाण्यात बुडवलेली मूर्ती सगळीकडून सारख्याच रंगाची होते. तळावर अर्धवर्तुळाकार करवतीच्या खुणा असतील तर ते यंत्राच्या गोल पात्याचं काम.

रंगाकडे जवळून बघा. बालीच्या जुन्या रंगकामात पांढरा हाडांच्या भस्माचा, लाल चीनहून आलेल्या हिंगुळाचा, काळा काजळीचा, आणि वर प्रादा म्हणजे सोन्याचा वर्ख. हे रंग सरसात कालवलेले. त्यामुळे ते पापुद्र्याने सुटतात आणि खाली आधीचा थर दिसतो. किड्याने पाडलेल्या भोकांच्या आतपर्यंत रंग ओघळलेला असेल तर कीड आधी लागली आणि रंग नंतर चढला, हे उघड आहे. नुसत्या नाकाच्या शेंड्यावर, गुडघ्यावर आणि पोटावर नेमका रंग उडालेला असेल तर तेही संशयास्पद. खरी झीज हात लागतो तिथे होते, आणि स्टँडला हात लागतो तो केरिस काढताना मुठीच्या आसपास किंवा उचलताना कमरेपाशी.

शेवटी शैली. बिनरंगाचं, चकचकीत घोटलेलं, लांबट अंगाचं बाली कोरीवकाम साधारण १९३० च्या दशकात पुढे आलं. बालीतल्या उबुदमध्ये १९३६ साली पिता महा ही कलावंतांची संघटना स्थापन झाली, परदेशी गिऱ्हाईक वाढलं, आणि मास गावच्या मूर्तिकारांनी लाकडाचा स्वतःचा पोत दिसू देणारी शैली रुजवली. तेव्हा अशा घाटाचा स्टँड कुणी ‘दोनशे वर्षांपूर्वीचा राजवाड्यातला’ म्हणून विकत असेल तर विश्वास ठेवू नका. तो वाईट आहे असं मात्र अजिबात नाही. १९५० किंवा ६० च्या दशकातला चांगल्या हाताचा स्टँड मला खोट्या म्हाताऱ्या राक्षसापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

लाकूड कोणतं असतं?

जावात साग आणि फणस सर्रास. जेपारा हे मध्य जावाचं गाव सागाच्या कोरीवकामासाठी नावाजलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या कार्तिनी यांनी तिथल्या कारागिरांना बाहेरची मागणी मिळवून द्यायला मदत केली होती. फणसाचं लाकूड ताजं असताना पिवळंधमक, काळाने तपकिरी होतं. कोकणातल्या वाचकांना ते न सांगता ओळखता येईल. बालीत फणस, सुआर म्हणजे आपला वर्षावृक्ष, वारू, आणि चाफ्याच्या जातीचं हलकं लाकूड दिसतं. मदुरेत सुमेनेपजवळचं कार्दुलुक हे कोरीवकामाचं गाव.

काळपट जांभळ्या रेघांचं सोनोकेलिंग मिळालं तर ते आपलं शिसव आहे, तीच प्रजाती, जावात लावून वाढवलेली. याला कायद्याची बाजूही आहे, ती पुढे येते.

माझी केरिस जावाची आहे. बालीच्या स्टँडवर ठेवली तर?

बहुधा बसणार नाही. बालीची केरिस जावाच्या केरिसपेक्षा मोठी असते, म्यानासकट साठ-सत्तर सेंटिमीटरपर्यंत, आणि तिथल्या मूर्तीचं भोकही त्या मापाचं. जावाची केरिस त्यात सैल पडून कलंडते. कापूस, फोम, रबर कोंबून बसवण्याचा मोह होतो. रबर कालांतराने लाकडाला आणि म्यानाच्या पितळी आवरणाला डाग पाडतं.

जावाच्या केरिसचा प्रश्न म्यानाच्या वरच्या भागाचाही आहे. त्याला वारांगका म्हणतात. लाद्रांग प्रकारची वारांगका नावेसारखी रुंद, टोकं वर वळलेली, समारंभाची. गायामान प्रकारची आटोपशीर, गोलसर, रोजची. अनेक प्लोंचोनवर दोन खाचांमधलं अंतर गायामानच्या हिशेबाने असतं; तिथे दोन लाद्रांग शेजारी ठेवल्या की टोकं एकमेकांना घासतात आणि त्या पातळ टोकाचा तुकडा उडतो. विकत घेण्याआधी तीन मापं घ्या: म्यानाच्या दांड्याची जाडी, वारांगकेची रुंदी, एकूण उंची. ही मापं खिशात असल्याशिवाय बाजारात जाऊ नये.

दिसण्याच्या दृष्टीनेही ज्या प्रदेशाची केरिस त्याच प्रदेशाचा स्टँड शोभतो. योग्याकार्ताजवळ इमोगिरीच्या बान्यूसुमुरुप गावात केरिसची म्यानं आणि इतर साज करणारी घरं आहेत. नवा स्टँड मापाने करून घ्यायचा असेल तर अशा ठिकाणी जावं.

पातं म्यानाबाहेर काढून मांडू का?

नको. जुन्या पात्यांवर सोमलाचा अंश असतो. लहान मुलं, मांजरं असलेल्या घरात तर नकोच. शिवाय पात्यावरचं तेल लाकडात झिरपून काळे डाग पडतात, ते निघत नाहीत. पातं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

स्वच्छता आणि पावसाळा?

मऊ, कोरडा ब्रश. बस्स. प्रादा केलेल्या किंवा पापुद्रे सुटणाऱ्या मूर्तीवर फडकासुद्धा फिरवू नका; धागा अडकतो आणि सोनं निघून येतं. पाण्याचा थेंबही नको, कारण सरसातले रंग पाण्याने विरघळतात. खोबरेल, जवसाचं तेल, फर्निचरचं पॉलिश, मेलॅमाइन यातलं काहीही लावू नका.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बुरशी येते. लाकडाला ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यानची आर्द्रता मानवते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती एकदम वर-खाली होऊ नये. एसीच्या झोताखाली ठेवलेला स्टँड दमट कोपऱ्यातल्या स्टँडइतकाच लवकर तडकतो. बाहेरच्या भिंतीवर ब्लावोंग लावू नका. लावायचाच तर मागे लाकडाचे छोटे तुकडे देऊन हवा खेळती ठेवा. स्वस्तातला आर्द्रतामापक काचेच्या कपाटात ठेवून द्यावा.

स्टँडखाली बारीक भुसा दिसला तर तो आधी झाडून टाका आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. नवा भुसा पडला असेल तर कीड जिवंत आहे. वस्तू लगेच वेगळी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. बिनरंगी लाकूड पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशाला आठवडाभर ठेवण्याची पद्धत संग्रहालयं वापरतात. रंगीत मूर्तीवर हा प्रयोग घरी करू नका, रंग सुटू शकतो. तिथे संवर्धकच हवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल.

रंग उडालाय. पुन्हा रंगवून घेऊ?

नाही. तुटलेलं बोट सापडलं असेल तर जपून ठेवा आणि जाणकाराकडून चिकटवून घ्या. त्यापलीकडे हात लावू नका. आपल्याकडचा मूर्तिकार कितीही कुशल असला तरी त्याने काढलेले डोळे त्याच्या परंपरेचे होतील.

इंडोनेशियातून आणणं कायदेशीर आहे का?

नवा स्टँड आणायला अडचण नाही. पावती घ्या, त्यावर लाकडाचं नाव आणि ‘नवीन हस्तकला’ असा उल्लेख करून घ्या.

जुन्याचं वेगळं. इंडोनेशियाच्या २०१० च्या ११ क्रमांकाच्या सांस्कृतिक वारसा कायद्यात किमान ५० वर्षांचं वय आणि इतिहास, धर्म, संस्कृती यांच्या दृष्टीने महत्त्व हे निकष आहेत. अशी वारसा-वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. ‘काही होत नाही, बॅगेत टाका’ असं विक्रेता म्हणाला तर तिथून निघावं.

शिसवाची, म्हणजे सोनोकेलिंगची वस्तू असेल तर २०१७ पासून हे लाकूड साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तयार वस्तूंना प्रत्येक खेपेमागे १० किलो लाकडापर्यंत सूट आहे. छोटा स्टँड त्यात सहज बसतो. भाल्यांचा भरीव प्लोंचोन बसेलच असं नाही.

सोबत केरिसही आणत असाल तर प्रश्न वाढतात. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब पात्यांचा उल्लेख आहे, आणि केरिसचं पातं सहसा त्याहून लांब असतं. आधी सीमाशुल्क खात्याकडे लेखी विचारणा करा. विमानात ती हातातल्या सामानात चालणार नाही हे सांगायला नको. मूठ हस्तिदंती असेल तर घेऊच नका. आपल्या वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे.

वस्तूचा पूर्वेतिहास विचारावा का?

विचारावाच, आणि उत्तर मिळालं नाही तर ते उत्तर समजावं. डच सैन्याने १८९४ मध्ये लोम्बोकवर, १९०६ मध्ये बालीतल्या बाडुंगवर आणि १९०८ मध्ये तिथल्याच क्लुंगकुंगवर चढाई केली तेव्हा राजवाडे लुटले गेले. त्या लुटीतल्या वस्तू युरोपात पसरल्या. नेदरलँड्सने २०२० मध्ये डचांशी लढलेल्या जावाच्या राजपुत्र दिपोनेगोरोंची केरिस इंडोनेशियाला परत केली आणि २०२३ मध्ये ४७२ वस्तू, त्यात क्लुंगकुंगची केरिस आणि लोम्बोकचा खजिना. शंभर वर्षांनंतर का होईना, हे घडलं याचा मला मनापासून आनंद आहे.

आजचा धोका वेगळा आहे. बालीच्या देवळांतून पवित्र मूर्ती चोरीला गेल्याची प्रकरणं वारंवार झाली आहेत. ज्या स्टँडवर कुंकवासारखे जुने डाग, तांदळाचे दाणे चिकटल्याच्या खुणा, सुताचे तुकडे दिसतात तो कदाचित देवळातून आलेला असेल. विक्रेता तेच वैशिष्ट्य म्हणून सांगतो. अशी वस्तू मी घेत नाही.

माझ्याकडे एकही केरिस नाही. नुसते स्टँड जमवले तर?

बिनदिक्कत जमवा. शस्त्राचा कायदा आड येत नाही, घरात लहान मुलं असली तरी धास्ती नाही, आणि कोरीवकामाकडे पूर्ण लक्ष जातं. रिकामा स्टँड अपुरा वाटत असेल तर रिकामं लाकडी म्यान मिळतं, ते ठेवता येतं.

किंमत कशावर ठरते?

मूळ रंग किती शिल्लक आहे, चेहरा आणि हात कसे उतरलेत, भोक मूळचं आहे का, आणि गाव किंवा कारागीर सांगता येतो का. आकार सर्वांत शेवटी. मोठा स्टँड म्हणजे महाग स्टँड ही समजूत पर्यटकांच्या दुकानांनी पसरवली आहे.

चांगले नमुने कुठे बघायला मिळतील?

सुराकार्तातलं केरिस नुसांतारा संग्रहालय २०१७ मध्ये सुरू झालं. योग्याकार्ताचं सोनोबुदोयो १९३५ पासून आहे. उबुदच्या नेका संग्रहालयात केरिसचा मोठा संग्रह आहे. तिथे गेलात की पात्यांवरून नजर काढून ती कशावर उभी आहेत तेही बघा.

सुराकार्ताला जाणं झालं तर लावू पर्वताच्या उतारावरच्या चंडी सुकूहला जरूर जा. पंधराव्या शतकातल्या त्या देवळाच्या एका शिल्पपटात लोहारशाळा कोरली आहे: भीम पातं घडवतोय, अर्जुन भाता मारतोय आणि मध्ये गणपती नाचतोय.

नोंदवही कशी ठेवावी?

प्रत्येक स्टँडसाठी एक पान. कुठून, कुणाकडून, कधी घेतला; पावती; तिन्ही मापं; लाकूड; समोरून, मागून, तळाचा आणि भोकाच्या आतला फोटो. विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट आणि तुम्हाला स्वतःला दिसलेली गोष्ट दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. वस्तूवर चिठ्ठी डकवू नका, पेनाने क्रमांक टाकू नका. सुती दोऱ्याने कागदी पट्टी बांधा. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर भेगांचे फोटो काढून त्याच पानाला जोडा.